आकांक्षेचा आश्रय

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरणगाव मागे पडल्यानंतर आणि मलकापूर येण्यापूर्वी बोदवड लागते. खानदेश येथे संपत येतो. मलकापूरपासून बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड, सुरू होतो. १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झालेल्या या गावाचा जीव कापसावर आहे. कापसाची खरेदी, जिनिंग, आणि भोवती बहुतांशी पावसावर विसंबलेली शेती. तापीच्या उत्तरेला, यावल-रावेरकडे, विहिरींच्या जोरावर केळीचा पट्टा उभा राहिला. बोदवडच्या वाट्याला ते पाणी आले नाही. या गावात, आणि अशा अनेक गावांत, दोन ओळखीची माणसे भेटली की पीकपाण्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : ‘पोरगा लागला का?’ कोठे, कशाला, किती पगारावर, यांपैकी काहीही त्यात नसते. तरी प्रश्न अपुरा वाटत नाही. मराठीत फळ लागते, भूक लागते, आग लागते, नाद लागतो, गाडी फलाटाला लागते. या अर्थांच्या शेजारी गेल्या काही पिढ्यांत आणखी एक अर्थ इतका रूढ झाला की त्याला ‘नोकरीला’ या शब्दाचीही गरज उरली नाही. जो लागला तो लागला. जो लागला नाही त्याचे काय झाले हे सांगणारे क्रियापद मात्र भाषेने अद्याप घडवलेले नाही.

विकसनशील देशांतील तरुणांच्या आकांक्षा समाज कसा घडवतो, या प्रश्नाची चर्चा प्रायः अर्थशास्त्रात व समाजशास्त्रात होते. तेथे आकांक्षा ही व्यक्तीच्या अंतःकरणातील वस्तू आणि समाज हा बाहेरून तिच्यावर परिणाम करणारा घटक, अशी विभागणी बहुधा गृहीत धरलेली असते. भारतीय वाक्यविचारात हाच शब्द निराळ्या जागी ठेवलेला आहे. योग्यता, आकांक्षा आणि आसत्ती यांनी युक्त असलेला पदसमूह म्हणजे वाक्य, हे विश्वनाथाचे ‘साहित्यदर्पणा’तील लक्षण सर्वपरिचित आहे. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे शब्द ओळीने उच्चारले तर वाक्य होत नाही, कारण त्यांतील कोणालाच कोणाची अपेक्षा नाही. येथे आकांक्षेचा अभाव आहे. अग्नीने शिंपडावे, ही आज्ञा व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अर्थ देत नाही, कारण अग्नी आणि शिंपणे यांत योग्यता नाही. आणि एक पद सकाळी व त्याला हवे असलेले पद प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारले गेले, तर सन्निधीच्या, म्हणजेच आसत्तीच्या, अभावी वाक्य विरून जाते. हे सारे वर्गात शिकवले जाते. तुलनेने दुर्लक्षित राहतो तो पुढचा प्रश्न : या आकांक्षेचा आश्रय कोणता? शब्द तर अचेतन. त्याला अपेक्षा कशी असेल? विश्वनाथ सांगतो की आकांक्षा ही श्रोत्याची जिज्ञासा होय. पदांच्या ठिकाणी ती केवळ उपचाराने सांगितली जाते.

शास्त्रातील संज्ञा आणि व्यवहारातील शब्द यांच्या केवळ नामसाम्यावर विचार उभारला तर ती कोटी ठरण्याचा धोका असतो. तरीही येथे साम्य नावापुरते नाही. ‘पोरगा लागला का?’ असे विचारणारा श्रोता मुलाच्या जन्माआधीपासून गावात बसलेला आहे. मुलगा पाचवीत असताना, दहावीला असताना, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याच्याविषयी जे काही सांगितले जाते ते या श्रोत्याच्या दृष्टीने वाक्याचा पूर्वार्ध असते. विशिष्ट क्रियापद ऐकल्याखेरीज त्याची जिज्ञासा शमत नाही. तरुणाला आकांक्षा आहे असे म्हटले जाते, पण त्या आकांक्षेचा मोठा भाग त्याच्या ठिकाणी उपचारानेच असतो. हे मान्य केले तर नैतिक प्रश्नाचे स्वरूप बदलते. मुलगा का लागला नाही, एवढेच विचारून भागत नाही. जे वाक्य अपुरे राहिले ते मुळात कोणी आरंभले होते, हेही विचारावे लागते.

यावर एक आक्षेप तात्काळ येईल. कोणतीच इच्छा निर्वात पोकळीत जन्मत नाही. समाजाकडून आलेली इच्छाही माणसाने स्वीकारली की ती त्याचीच होते. आक्षेप योग्य आहे, परंतु तो फार लवकर थांबतो. यॉन एल्स्टर यांनी ‘आंबट द्राक्षे’ याच नावाच्या ग्रंथात (१९८३) कोल्ह्याच्या गोष्टीचे तत्त्वज्ञान मांडले : जे मिळण्यासारखे नाही त्याची इच्छाच माणूस नकळत मारून टाकतो, आणि अशा जुळवून घेतलेल्या पसंतीला त्याची स्वतंत्र पसंती मानता येत नाही. अमर्त्य सेन यांनीही वारंवार दाखवले की दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या अपेक्षा परिस्थितीच्या मापाने कापून घेतात. त्यांचे समाधान हा न्यायाचा पुरावा ठरत नाही. दोघांनीही इच्छेच्या आकुंचनाचा विचार केला आहे. बोदवडसारख्या ठिकाणी जे घडते ते याहून थोडे वेगळे आहे. तेथे इच्छा आकुंचित होत नाही. तिची रुंदी घटते आणि तीव्रता वाढते. कोल्ह्याला द्राक्षे आंबट म्हणण्याची मुभाच नसते. ती गोड आहेत हे घरचे, शाळेतले, चौकातले सारे सांगत असतात, आणि उडी कमी पडली तर ते कोल्ह्याच्या पायांचे वैगुण्य ठरते.

अर्जुन अप्पादुराई यांनी मुंबईतील झोपडपट्टीवासीयांच्या संघटनांचा अनुभव समोर ठेवून २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आकांक्षा बाळगणे ही एक सांस्कृतिक क्षमता मानली आणि ती समाजात विषम वाटली गेली आहे असे म्हटले. संपन्नांच्या हाती भविष्याचा दाट नकाशा असतो, त्यात एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याच्या पुष्कळ वाटा असतात. दरिद्र्यांच्या नकाशात ठिकाणे थोडी आणि वाटा त्याहून थोड्या. बोदवडच्या तरुणाचा नकाशा या दृष्टीने वाचता येतो. तलाठी, पोलीस, शिक्षक, सैन्य, रेल्वे. या यादीत अपघाती काही नाही. भुसावळचे जंक्शन, भुसावळ आणि वरणगाव येथील आयुधनिर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र यांनी या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या पगार वाटला. ज्यांना तो मिळाला त्यांची स्लॅबची घरे गावात उभी राहिली. देबराज राय या अर्थशास्त्रज्ञाने आकांक्षेच्या खिडकीची कल्पना मांडली आहे : माणूस साऱ्या जगाकडे पाहून इच्छा करीत नाही, आपल्या खिडकीतून जे दिसतात त्यांच्याकडे पाहून करतो. बोदवडची खिडकी पगारदार शेजाऱ्याच्या अंगणात उघडते. तिच्यातून कोरडवाहू शेतीचा आतबट्ट्याचा हिशेबही तितकाच स्वच्छ दिसतो.

नोकरीच्या या ध्यासावर टीका करणे सोपे आहे, विशेषतः ज्यांना नोकरी आहे त्यांना. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण उलटी झाल्याबद्दल हळहळणारे लेख मराठीत कमी नाहीत. पण ही म्हण कोणाच्या शेतीविषयी होती, हे विचारले जात नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा शूद्र शेतकऱ्याची मुले विद्येपासून आणि त्यामुळे सरकारी खात्यांपासून दूर राहिली, हे त्यांच्या विवेचनाचे एक मुख्य सूत्र होते. नोकरी ही तेथे पगाराची बाब नव्हती. ज्या कचेरीत शेतकरी नाडला जात होता तेथे आपले माणूस असण्याची बाब होती. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी जे कठोर मत व्यक्त केले तेही याच ओघात आठवावे लागते. गावकुसाबाहेरच्या तरुणाला गाव सोडण्याची इच्छा झाली, तर तिला चंगळवादाचा स्पर्श म्हणणे हा शुद्ध अप्पलपोटेपणा ठरेल. एकच क्रियापद, ‘लागणे’, पण ते ज्याच्या तोंडी आहे त्यानुसार त्याचे नैतिक वजन बदलते. पाटलाच्या मुलाला ते प्रतिष्ठेचे साधन असते. ज्याच्या आजोबाला चावडीची पायरी चढता आली नाही त्याला ते त्या पायरीचे उत्तर असते.

समाजाने तरुणाच्या तोंडी क्रियापद देणे हे नवेही नाही. बोदवडपासून फार दूर नसलेल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात काही वर्षे शिकवलेल्या साने गुरुजींचा त्या पिढीवरील प्रभाव सर्वज्ञात आहे. त्या काळच्या वीस वर्षांच्या मुलाला ‘जाणे’ हे क्रियापद मिळाले होते : सत्याग्रहाला जाणे, तुरुंगात जाणे. तेही श्रोत्यानेच दिले होते. फरक एवढाच की ते वाक्य उच्चारले की पुरे होत होते. तुरुंगात जाण्यासाठी कोणाला जाहिरातीची वाट पाहावी लागत नव्हती.

मराठी कादंबरीने व आत्मकथनाने या क्रियापदाचा प्रवास बराच प्रामाणिकपणे नोंदवला आहे. त्याकडे या अंगाने पाहिले गेले नाही इतकेच. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त (१९८७) शिक्षणाची इच्छा घराविरुद्ध जगवावी लागते. कागलच्या त्या घरात बापाला मुलगा शेतावर हवा आहे; शाळा ही त्याच्या लेखी कामाच्या वेळेची चोरी. श्रोता घराबाहेर आहे आणि मूल चोरून त्याच्याकडे धाव घेते. सदानंद देशमुख हे बोदवडला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्याचे लेखक. त्यांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) दिशा पूर्ण उलटलेली आहे. येथे घरानेच मुलाला शिकवले, आणि शिकलेला एकनाथ शिक्षकाच्या जागेसाठी मोजावयाची रक्कम नसल्यामुळे घरीच राहिला. आता श्रोता उंबऱ्याच्या आत येऊन बसला आहे. तो बापाच्या, भावाच्या, पत्नीच्या तोंडून विचारतो. शहरी वळणाची पत्नी माहेरी निघून जाते, तेव्हा ती दुष्ट ठरत नाही. तिलाही एक अर्धे वाक्य सांगूनच आणलेले होते. ‘झोंबी’तल्या मुलाजवळ निदान बंडाचा आनंद आहे. एकनाथाच्या वाट्याला आज्ञाधारकपणाचे अपयश येते. त्याने सांगितलेले सर्व केले, आणि तरीही.

या दोन कृतींच्या मध्ये ‘कोसला’ (१९६३) उभी आहे, आणि तिच्याविषयीचा एक रूढ समज येथे तपासावा लागतो. सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, पदवी न घेता परततो आणि यशाच्या साऱ्या व्याकरणाला निरर्थक ठरवतो. या नकाराचे अस्तित्ववादी वाचन झाले, पुढे देशीवादाच्या प्रकाशात तो मुळांकडे परतण्याचा क्षणही ठरवला गेला. दोन्ही वाचनांत पांडुरंगाच्या मागे उभे असलेले सुस्थितीतले घर अंधुक होते. तो परत येऊ शकतो, कारण परत येण्याजोगे काही आहे. वडिलांशी त्याचे कितीही बिनसले तरी त्यांच्या छताखाली त्याला निरर्थकतेचा विचार करण्याइतका अवकाश मिळतो. नकार हीदेखील अप्पादुराईंच्या अर्थाने एक क्षमता आहे आणि तिचेही वाटप विषम आहे. कोरडवाहू तुकड्याच्या जोरावर एकनाथाला पांडुरंग होता येत नाही. भूमिहीनाच्या मुलाला तर एकनाथही होता येत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबरीचे मोल याने कमी होत नाही. तिला सार्वत्रिक बंडखोरीचा नमुना करणाऱ्या समीक्षेचे मात्र होते.

कादंबरी अपुऱ्या वाक्यांची नोंद ठेवत असताना वृत्तपत्रांनी आणि सत्कारसमारंभांनी पुऱ्या झालेल्या वाक्यांचा स्वतंत्र वाङ्मयप्रकार घडवला. त्याला ‘यशोगाथा’ म्हणतात. ज्या भाषेत ‘गाथा’ म्हटले की तुकोबा आठवावेत त्या भाषेत हा शब्द आता प्रशिक्षणवर्गांच्या फलकांवर नांदतो. अल्पभूधारकाचा मुलगा उपजिल्हाधिकारी झाला, रिक्षाचालकाची मुलगी फौजदार झाली, अशी तिची रचना असते. दारिद्र्य येथे विशेषण म्हणून येते. यशाची उंची मोजण्यासाठी लागणारी ती पट्टी असते. त्याच परीक्षेला बसून न लागलेल्यांना या प्रकारात पात्र म्हणूनही जागा नाही. अपवाद आहेत, आणि खानदेशातच आहेत. एरंडोल तालुक्यातील ताडे या गावातून भारतीय प्रशासन सेवेत गेलेल्या राजेश पाटील यांच्या आत्मकथनाचे शीर्षक ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’ असे आहे. पुस्तकाने पुढे यशोगाथेचेच कार्य केले असेल. पण शीर्षक काही वेगळे सांगून जाते. पदाचे नाव इंग्रजी, क्रियापद अहिराणी, आणि आरंभी संबोधन. कलेक्टर होणे हे आईला तिच्या बोलीत सांगितल्याखेरीज पुरे झालेले नाही. आकांक्षा श्रोत्याच्या ठिकाणी असते याचे इतके सरळ उदाहरण मिळणे कठीण. येथे श्रोता समोर आहे, त्याला चेहरा आहे, आणि मुलगा नापास झाला असता तरी तो त्याचे ऐकणारा होता.

श्रोत्याला चेहरा नसेल तेव्हा आकांक्षेला योग्यता आणि सन्निधी कोण पुरवणार, हा प्रश्न शासनसंस्थेपाशी येऊन ठेपतो. रोनाल्ड डोर यांनी १९७६ मध्येच ब्रिटन, जपान, श्रीलंका आणि केनिया यांचा तौलनिक विचार करून ‘पदवीच्या रोगा’चे निदान केले होते. जो देश आधुनिक अर्थव्यवस्थेच्या वाटेवर जितका उशिरा येतो तितकी त्यात नोकरी व पदवी यांची सांगड घट्ट होते, आणि नोकऱ्या थोड्या असल्याने प्रत्येक पिढीला त्याच नोकरीसाठी आधीच्या पिढीहून मोठी पदवी लागते. महाराष्ट्रात याचा प्रत्यय अध्यापक पदविकेने दिला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अध्यापक विद्यालयांचे पीक आले. गावोगावच्या मुलामुलींनी, बहुधा घरचे काही विकून किंवा गहाण टाकून, ती पदविका घेतली. २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर निर्बंध आले. अभियोग्यता चाचणी झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. दरम्यान ज्यांचे वय उलटले त्यांना त्यांचे वाक्य कोणी परत केले नाही. राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हायची होती. महासाथीच्या काळात ती पुनःपुन्हा लांबली, मार्च २०२१ मध्ये ऐन तोंडावर आणखी एकदा पुढे ढकलली गेली तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि अखेर २१ मार्चला ती झाली. त्याच वर्षी, लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची दीर्घकाळ वाट पाहणाऱ्या एका तरुणाने पुण्यात जीवन संपवले. महासाथ कोणी आणली नाही हे खरे. पण पदे प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारण्याची सवय तिच्या आधीची होती आणि नंतरही ती गेलेली नाही. शाब्दबोधाचा साधा नियम असा की विलंबाने उच्चारलेल्या पदांतून अर्थ लागत नाही. लागला नाही तर दोष ऐकणाऱ्याला वा पदांना न देता उच्चारणाऱ्याला दिला जातो.

योग्यतेचा अभाव अधिक सूक्ष्म आहे आणि तो विवाहाच्या व्यवहारात दिसतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या, शेजारच्या बुलढाण्यात ८५५. त्या वेळची ही बालके आज वयात येत आहेत. वधूपक्षाची अट सामान्यतः अशी असते की मुलगा नोकरीला असावा, शहरात असावा, आणि गावी शेतीही असावी. शेती हवी, शेतकरी नको. अग्नीने शिंपण्याइतकेच हे वाक्य अयोग्य आहे, तरी ते रोज उच्चारले जाते. यावर मुलींना बोल लावणे ही एक करमणूक होऊन बसली आहे. कापूस वेचण्यात आईची पाठ वाकलेली जिने पाहिली तिला त्या शेतातून बाहेर पडण्याची समाजाने मान्य केलेली मुख्य वाट विवाह हीच असेल, तर ती वाट ती काळजीपूर्वक निवडणारच. तिची स्वतःची नोकरीची इच्छा ‘लग्नापर्यंत’ या क्रियाविशेषणासह मंजूर होते. मुलाचे वाक्य क्रियापदावाचून अडते, मुलीच्या वाक्यात क्रियापद आधीच दुसऱ्याचे असते.

येथे विरोधाभास वाटावा असे एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. पदव्या देणाऱ्या संस्थेला अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीचे नाव. त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले ते १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. प्रसिद्धीची आकांक्षा त्या गाण्यांमागे होती असे मानायला काहीही आधार नाही. यावरून ‘आकांक्षेविना निर्मिती’ असा बोध काढण्याचा मोह होतो, आणि संतोषाचे महत्त्व सांगणाऱ्यांना तो सोयीचाही आहे. पण त्या गाण्यांनाही श्रोता होता : जाते, शेत, घरातली माणसे, टिपून घेणारा मुलगा. तो जवळ होता आणि तो विशिष्ट शब्दासाठी अडून बसलेला नव्हता, एवढाच फरक. दुसऱ्याच्या मुलांना संतोष शिकवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

समाज आकांक्षा घडवतो म्हणून तरुण जबाबदारीतून सुटतो काय? तसे म्हटले तर त्याला केवळ पद समजल्यासारखे होईल, आणि विश्वनाथाच्या मते पद अचेतन आहे. तरुण अचेतन नाही. तो श्रोता बदलू पाहतो, कधी दुसरे वाक्य जुळवतो, शेतीला जोडधंदा लावतो, सुरतेला किंवा पुण्याच्या कारखान्यात निघून जातो. परंतु कारण आणि उत्तरदायित्व यांत जो भेद नीतिशास्त्र करते तो श्रोत्यालाही लागू करावा लागेल. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर ऐकून घेण्याचे दायित्व पत्करलेले असते. एका शब्दाखेरीज कोणत्याही उत्तराने ज्याची जिज्ञासा शमत नाही त्याने उरलेली सारी आयुष्ये, ती कशीही जगली गेली तरी, अपुरी ठरवून टाकलेली असतात. ‘नाही लागला, शेती करतो’ हे मराठीत संपूर्ण वाक्य आहे. ते अपुरे वाटते ते ऐकणाऱ्याच्या कानात.

अलीकडे बोदवडच्या, जळगावच्या आणि पुण्याच्या अभ्यासिकांतून या प्रश्नाला नवे उत्तर तयार झाले आहे. ‘सध्या काय करतो?’ असे विचारले की ‘तयारी’ असे सांगितले जाते. पूर्वी या शब्दाला षष्ठी लागत असे : लग्नाची तयारी, पेरणीची तयारी. आता तोही एकटा उभा राहतो, ‘लागला’ या शब्दासारखाच, आणि श्रोत्याला काही काळ थोपवून धरतो. कधी दोन वर्षे, कधी सात. स्थळांच्या छापील माहितीपत्रकात मात्र ‘नोकरी/व्यवसाय’ असा एक रकाना असतो, त्यात ‘तयारी’ लिहिता येत नाही. तेथे बहुतेक जण ‘शेती’ लिहितात, आणि पुढे कंसात शिक्षण.